पंचवीस मिनिटांचं गाव

आधी पाणी होतं.
भीमेच्या काठाला बाभळी, थोडी घरं, एक पार,
आणि पुण्याकडून धापा टाकत आलेलं
साहेबाचं तहानलेलं इंजिन.
एवढ्यावर दौंडचं ठरलं,
असं आजोबा सांगायचे.
त्यांना त्यांच्या मुकादमानं सांगितलेलं.
खरंखोटं भीमेला ठाऊक.

मग टाकी आली. टाकीखाली हौद,
हौदापाशी धुणं, धुण्यावरून भांडण,
आणि भांडण लागलं म्हणजे
वस्ती झालीच म्हणायची.

नल्लप्पा आला पोत्यात भांडी घालून,
रूळ उचलायचं गाणं तेलुगूत म्हणत;
त्याच्या पोरांनी ते मराठीत म्हटलं,
नातवाला आता चालही आठवत नाही.
ड्रायव्हर डिमेलो आला, इस्त्रीच्या टोपीत,
पगारापुरता राहीन म्हणाला.
मिशनच्या दफनभूमीत तिसऱ्या ओळीत आहे अजून.

आजोबा सांधेवाले. विश्राम भालसेन.
मूळ गावात त्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं.
इथं त्यांच्या हातच्या दांड्यावर
अख्खी मेल चालायची,
पहिल्या वर्गासकट.
हे ते कधी बोलले नाहीत.
फक्त मेल गेली की
दांड्यावरून फडकं फिरवायचे,
सावकाश, दोनदा.

गाव खरं वाढलं ते एका अडचणीवर.
पुण्याहून मनमाडकडे जायचं तर
इथं इंजिन सुटायचं,
बाजूच्या रुळावरून एकटंच फिरून
शेपटाला येऊन लागायचं.
पंचवीस मिनिटं.
कपलिंगचा हिसका बसला की
ज्यांची तोंडं पुढं होती त्यांची मागं व्हायची,
आणि डब्यात कुणीतरी हमखास दचकायचं,
अहो, ही परत पुण्याला निघाली की काय?
खिडकीखालून आम्ही पोरं ओरडायचो,
नाही हो काका, बसा!
आम्हाला तेवढंच काम.

त्या पंचवीस मिनिटांत ऑम्लेट व्हायचं,
दाढी व्हायची,
नळावर अंघोळ उरकायची,
एकदा बाळंतपणसुद्धा झालं, वेटिंग रूमच्या बाकावर.
ती मुलगी राहुरीला दिली,
बरीच वर्षं स्टेशन मास्तरांना तिचं दिवाळीचं पत्र यायचं,
मास्तर बदलले तरी.
त्या पंचवीस मिनिटांवर
शौकत तांबोळ्यानं चहाच्या किटल्या वाढवल्या,
दोन बहिणी उजवल्या, स्लॅब टाकला.
अनसूया कुदळेचे पेरू
अर्ध्या महाराष्ट्रानं खाल्ले,
गाव न बघता.

वाफ गेली. डिझेल आलं.
राखेतले कोळसे वेचणाऱ्या बाया
एका पावसाळ्यानंतर दिसेनाशा झाल्या;
कुठं गेल्या, कुणी विचारलं नाही,
मीही नाही.
शेडचा भोंगा थांबला तेव्हा
आठवडाभर गावाला उशीर होत होता.

आणि मग कुठल्याशा कचेरीत
नकाशावर कुणीतरी एक वाकडी रेघ मारली.
कॉर्ड लाईन.
आता गाडी गावाबाहेरच वळते,
इंजिन न सोडता, तोंड न फिरवता.
लोकांचा वेळ वाचतो, हे बरोबरच आहे.
मीही नगरला जाताना त्याच गाडीनं जातो,
लवकर पोचतो,
आणि पोचल्यावर काय करायचं कळत नाही.

जुन्या स्टेशनात गाड्या येतात अजून,
सोलापूरच्या, दक्षिणेच्या, त्यांच्या त्यांच्या घाईत.
दांडे निघाले; सांधे आता
खोलीत बसून बटणावर बदलतात.
आजोबांचं फडकं
आईनं तव्याला धरायला घेतलं होतं.

शौकतचा रियाज पहाटे मोटरसायकलला किटल्या बांधून
कॉर्ड लाईनवर जातो.
गाडी थांबते दोन मिनिटं.
दोन मिनिटांत चहा ओतता येतो,
पैसे घेता येत नाहीत.
गाडी सुटते, तो बरोबर पळतो,
फलाट संपला की ओरडतो,
राहू द्या, येताना द्या!

काहीजण देतातही.